डाव्या पावलावरचा ठोका

२९ जानेवारी

टीव्हीवर बीटिंग रिट्रीट हा लष्करी बँडचा समारंभ पाहताना बोटं आपोआप क्लॅरिनेटच्या चाव्या शोधू लागली. ऐन विशीत मी बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमध्ये होतो. लाइट इन्फंट्रीची चाल मुळातच जलद. दम टिकवायचा, सूर हलू द्यायचा नाही. मोठ्या ढोलाचा ठोका पडला की डावं पाऊल जमिनीवर. नव्या रंगरुटांची बिचकणारी पावलं त्या ठोक्यानं सरळ झालेली मी पाहिली आहेत.

सगळ्यांत जवळची धून 'कदम कदम बढाये जा'. आझाद हिंद फौजेसाठी तिला चाल दिली कॅप्टन रामसिंग ठाकुरींनी. तेही पलटणीच्या बँडमधलेच! ती वाजवताना ऊर भरून यायचा.

२०२२ साली बीटिंग रिट्रीटमध्ये 'अबाइड विथ मी' या इंग्रजी प्रार्थनागीताच्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगों' आलं. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची चाल लष्करी वाद्यांवर ऐकणं अभिमानाचं. तरी जुनी धूनही राहायला हवी होती. दुःखाला इतका संथ, खोल सूर क्वचितच मिळतो.

बँडचा जवान युद्धात वाद्य ठेवून स्ट्रेचर उचलतो, जखमींना मागे आणतो. संचलनाला टाळ्या वाजवाल तेव्हा त्याच्यासाठीही वाजवा.