घर, जाते आणि अनित्यता

परभणीहून परळीकडे जाणारी रेल्वे गंगाखेडजवळ गोदावरी ओलांडते. मराठवाड्यात गोदावरीला ‘गंगा’च म्हणतात. पैठणला १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झाल्यापासून खालच्या गावांना नदी किती भेटेल, हे बरेचसे धरणातील साठ्यावर ठरते. उन्हाळ्यात पात्रात वाळू उघडी पडते. चांगल्या पावसाळ्यात तेच पात्र काठोकाठ भरते. नदीकाठच्या माणसाला अनित्यता निराळी शिकवावी लागत नाही. तरीही स्वतःच्या घराविषयी मात्र त्याची समजूत नेमकी उलट असते. भिंत पक्की, दस्त पक्का, म्हणून घर कायमचे, असे तो धरून चालतो.

याच गंगाखेडात तेराव्या शतकात संत जनाबाई जन्मल्या, असे परंपरा सांगते. वडिलांचे नाव दमा, आईचे करुंड. लहान वयातच त्या पंढरपूरला दामाशेटी शिंपी यांच्या घरी आल्या आणि त्याच घरी त्यांचे आयुष्य गेले. संत नामदेव हे दामाशेटींचे पुत्र. जन्मगाव सुटले आणि जे घर मिळाले ते दुसऱ्याचे. त्या घरात जनाबाईंचा वाटा नव्हता; होते ते काम. अभंगांतही त्या स्वतःची ओळख नामदेवांची दासी म्हणूनच देतात.

त्यांच्या नावावरील सुमारे साडेतीनशे अभंगांत दळण, कांडण, झाडलोट, शेणी आणि पाणी हे सारे येते. विठ्ठल त्यांच्या बरोबरीने दळायला बसतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचे म्हणून एक जाते आजही भाविकांना दाखविले जाते. घरकामाइतके क्षणभंगुर काम दुसरे नसेल. काल दळलेले पीठ आज संपते, सकाळी सारवलेली भुई संध्याकाळी मळते. केलेले काम मागे उरत नाही, म्हणून कोणी त्याची नोंद ठेवत नाही. जनाबाईंनी ती नोंद ठेवली आणि त्याच कामात त्यांना देव भेटला.

त्यांच्या कित्येक शतके आधी बौद्ध भिक्षुणींनी असेच केले होते. त्यांच्या ७३ रचनांचा पाली संग्रह ‘थेरीगाथा’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यातील पुण्णा ही पाणी भरणारी दासी. परंपरेनुसार श्रावस्तीच्या अनाथपिंडिक श्रेष्ठींच्या घरची. मालकिणीच्या धाकाने कडाक्याच्या थंडीतही तिला नदीवर जावे लागे. पुण्यासाठी थंडीत कुडकुडत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, की पाण्याने पाप धुतले जात असेल, तर मग बेडूक आणि कासवे स्वर्गात का जाणार नाहीत? पटाचारा ही तर श्रेष्ठींचीच कन्या. तिची कथा अट्ठकथेत येते. पती सर्पदंशाने गेला, लहान बाळ ससाण्याने उचलले, मोठा मुलगा नदीत वाहून गेला. आधाराला माहेर गाठावे, तर त्याच रात्रीच्या वादळात माहेरचे घर कोसळून आई, वडील आणि भाऊ गेलेले. पुढे भिक्षुणी झाल्यावर पाय धुताना ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहत तिचे चित्त स्थिर झाले आणि दिव्याची वात खाली ओढताना ते मुक्त झाले, असे तिची गाथा सांगते.

जैन वाचकाला ही भूमी परकी नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायातील बारा अनुप्रेक्षांमध्ये पहिली अनित्य अनुप्रेक्षाच आहे. भेदही स्पष्ट आहे. बौद्ध विचार नित्य आत्मा मानत नाही. जैन दर्शन पर्याय अनित्य आणि द्रव्य नित्य मानते. जनाबाईंना आधार विठ्ठलाचा आहे. मार्ग तीन असले तरी घर आपले राहणार नाही, हे सत्य तिघांनीही स्वीकारलेले आहे.

व्यापाऱ्याच्या वहीत तर हे सत्य दरसाल लिहिले जाते. इमारतीवर घसारा धरला जातो. खर्च झालेली रक्कम तीच, पण वहीतील किंमत वर्षागणिक उतरते. दिवाळीला वहीपूजन होते, जुनी वही मिटते आणि शिल्लक नव्या वहीत ओढली जाते. ज्याच्या वहीत घसारा आहे, त्याच्या मनात तो का नसावा?

हा प्रश्न आज मराठवाड्यातील अनेक बाजारपेठांत दारापर्यंत आला आहे. खाली दुकान, वर माडी, मागे चौक, अशी घरे कुलूपबंद आहेत. मुले पुण्यात किंवा हैदराबादला स्थिरावली आहेत. शेवटी भाऊ एकत्र बसतात, मालमत्तापत्रक उघडते, दर ठरतो. एखादा भाऊ म्हणतो, वडिलांची आठवण आहे, विकू नये. दुसरा म्हणतो, पडक्या भिंतींचा कर किती वर्षे भरायचा? दोघांचेही खरे असते. पण वाद वाढला की घराआधी भाऊपण मोडते, आणि ते मोडले की कोणत्याही दराने परत मिळत नाही.

अशा बैठकीत जनाबाई आणि पुण्णा यांचे स्मरण उपयोगी पडावे. अनाथपिंडिकांची कोठारे गेली, दामाशेटींचे दुकान गेले. त्या घरांत पाणी भरणाऱ्या, दळणाऱ्या स्त्रियांचे शब्द मात्र राहिले. ज्यांच्या मालकीचे काहीच नव्हते, त्यांना सोडून देण्यासारखेही काही नव्हते. म्हणून त्यांना घर जसे आहे तसे दिसले: एक दिवस नीट जगण्याची जागा.

घर विकावे की ठेवावे, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या सोयीने ठरवावे. मात्र वाटणीच्या कागदावर सह्या होण्यापूर्वी त्या चौकात ज्या आज्जी, काकू आणि कामवाल्या बायांनी वर्षानुवर्षे दळले, निवडले, सारवले, त्यांची नावे सर्वांनी मिळून एकदा लिहून काढावीत. कामाला येणारी एखादी वृद्धा हयात असेल, तर तिच्या उरलेल्या दिवसांची तजवीज वाटणीतील पहिल्या कलमात असावी. घसारा भिंतींना लागतो. त्या हातांचे देणे मात्र नव्या वहीतही ओढावे लागते.