तीन पाडवे

नाटकाचे तिकीट हा मोठा अल्पायुषी कागद आहे. तो मिळेपर्यंत केवढी धडपड, मिळाल्यावर केवढी जपणूक. आणि दारावरच्या गृहस्थाने त्याचा एक तुकडा फाडून घेतला की उरलेल्या तुकड्याची खिशात गोळी होते आणि ती धुण्याबरोबर जाते. आमच्या संग्रही मात्र अशी दोन तिकिटे आहेत की ज्यांचा तुकडा कोणी फाडलाच नाही. त्यांवर रविवार, 15 मार्च 2020 ही तारीख आहे. पुण्यातील नाट्यगृहे व चित्रपटगृहे बंद ठेवण्याचा सरकारी हुकूम त्याच्या दोनच दिवस आधी सुटला, आणि तो प्रयोग झाला नाही.

तिकीटखिडकीवरच्या गृहस्थांनी दूरध्वनी करून आमचे सहाशे रुपये परस्पर आमच्या खात्यात जमा केले. तिकिटे परत मागण्याचे त्यांना सुचले नाही व देण्याचे आम्हास सुचले नाही. प्रयोग झाला नाही, पैसे परत मिळाले. व्यवहार चोख झाला, असे समजून आम्ही निश्चिंत झालो. त्या चोख व्यवहारात कोठे खोट होती, हे कळावयास आम्हास तीन पाडवे लागले. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

पहिला पाडवा त्यानंतर दहाच दिवसांनी आला. 25 मार्च 2020 रोजी गुढी उभारावयाची आणि त्याच दिवसापासून साऱ्या देशाने दारे लावून घ्यावयाची, असा विलक्षण योग जुळून आला होता. जुन्नर तालुक्यातील आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांना नववर्षाच्या शुभेच्छा देण्यासाठी आम्ही दूरध्वनी केला. शुभेच्छा बाजूला ठेवून ते म्हणाले, "अहो, नारायणगावच्या राहुट्या यंदा ओस पडल्या बघा. सुपारी द्यायला कोण येणार आता?"

तमाशाशी पांढरपेशा वाचकाची ओळख बहुधा दुरूनच असते, म्हणून दोन शब्द सांगतो. नारायणगावात तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या लागतात. पाडव्याच्या सुमारास गावोगावच्या यात्रा कमिट्या तेथे येतात, फड निवडतात आणि आपल्या ग्रामदैवताच्या जत्रेची सुपारी देतात. दसऱ्यापासून फिरतीवर असलेल्या फडांची खरी कमाई होते ती चैत्र-वैशाखातल्या या जत्रांत. मोठ्या तंबूच्या फडात नाचणाऱ्या, गाणाऱ्या, ढोलकी वाजविणाऱ्या, तंबू ठोकणाऱ्या व गाड्या हाकणाऱ्या मिळून शंभराच्या आसपास माणसांचे पोट असते. या दोन महिन्यांच्या मिळकतीवर त्यांना पावसाळा काढावयाचा असतो. जत्रा बुडाली म्हणजे वर्ष बुडाले. आमच्या स्नेह्यांचे बोलणे ऐकून आम्ही यथायोग्य हळहळलो, आणि सायंकाळी दूरचित्रवाणीसमोर जाऊन बसलो.

कारण आमच्या करमणुकीची सोय एव्हाना होऊ लागली होती. 28 मार्चपासून दूरदर्शनने 1987 सालचे ‘रामायण’ पुन्हा दाखविण्यास प्रारंभ केला. ज्या मालिकेसाठी एके काळी आम्ही शेजाऱ्यांच्या घरी गर्दी केली होती, ती आता शेजाऱ्यांस टाळून आम्ही आपापल्या घरी पाहू लागलो. पुढे जूनच्या 12 तारखेस ‘गुलाबो सिताबो’ हा अमिताभ बच्चनांचा नवा चित्रपट चित्रपटगृहाचे तोंडही न पाहता थेट आमच्या दिवाणखान्यात अवतरला. चित्रपटाने प्रथम पडद्यावर पैसा मिळवावा आणि मागाहून घरात यावे, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता एका दिवसात उलटा झाला. ज्यांच्या गाठीस भांडवल होते, त्यांनी वाट पाहणे पत्करले. 24 मार्च 2020 रोजी यावयाचा ‘सूर्यवंशी’ 5 नोव्हेंबर 2021 रोजी, म्हणजे एकोणीस महिन्यांहून अधिक काळाने, लोकांपुढे आला. तेवढा दम ज्यांच्यापाशी नव्हता, त्यांनी आपले चित्रपट ओटीटीच्या दुकानात मांडले. दोघेही आपापल्या परीने तरले.

मालिकावाल्यांनीही मार्ग काढला. काही काळ नटनट्यांनी आपल्याच घरी, आपल्याच मोबाईलवर प्रसंग चित्रित करून पाठविले. मग चित्रीकरणास सशर्त परवानगी मिळाली. मोजकी माणसे, मुखपट्ट्या, ताप मोजण्याची यंत्रे असा थाट सुरू झाला. लग्नाच्या प्रसंगी मांडव अर्धा रिकामा दिसू लागला. पासष्ट वर्षांवरील कलावंतांस चित्रीकरणास बंदी होती. ती मुंबई उच्च न्यायालयाने 7 ऑगस्ट 2020 रोजी रद्द केली. ज्याचे हातपाय चालतात त्याच्या पोटावर केवळ वयाकडे बोट दाखवून पाय देऊ नये, हे सर्वथैव योग्यच होते. परंतु त्याच वर्षी 22 सप्टेंबरला ‘मत्स्यगंधा’तील सत्यवती, आशालता वाबगावकर, साताऱ्यास निवर्तल्या. मालिकेच्या चित्रीकरणाच्या वेळी त्यांना करोनाने गाठले होते. घरी राहावे तर उपासमार, कामास जावे तर साथ, असा तो पेच होता. आम्ही सायंकाळी ज्या मालिकांच्या रटाळपणास हसत होतो, त्या अशा पेचातून आमच्यापर्यंत येत होत्या, याची जाणीव आम्हास त्या दिवशी प्रथम झाली.

नाटकवाले तरी स्वस्थ कसे बसतील? जुलै 2020 मध्ये ‘मोगरा’ हे नाटक, नट आपापल्या घरी आणि प्रेक्षकही आपापल्या घरी, अशा रीतीने आंतरजालावरून जिवंत सादर झाले. या प्रकारास त्याच्या कर्त्यांनी ‘नेटक’ असे चटकदार नाव दिले होते. पुढे असे आणखीही प्रयोग झाले. त्यांतील एक पाहण्यास आम्ही मोठ्या उत्साहाने बसलो. नाट्यगृहाचा मान राखावा म्हणून इस्त्रीचा सदराही घातला. खेळ चांगला होता, नटांची तळमळ स्पष्ट दिसत होती, पण एका विनोदावर आम्ही खळखळून हसलो, तोच स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी "काय झालं हो?" म्हणून विचारले. नाट्यगृहात असा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण तेथे शेजारीही त्याच वेळी हसत असतो. शेवटी आम्ही टाळ्या वाजविल्या. भरल्या प्रेक्षागृहात आपण टाळ्या वाजवितो तेव्हा आपल्या हातांचा आवाज आपणास कधीच वेगळा ऐकू येत नाही. त्या रात्री तो स्पष्ट ऐकू आला, आणि ज्या नटांसाठी त्या वाजविल्या त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही.

कोणी म्हणेल, हा जुन्या माणसांचा हळवेपणा झाला. कलेवर अशी संकटे काय प्रथमच आली? हे खरेच आहे. 1592 पासून सुमारे दोन वर्षे प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहे बहुतेक बंदच होती. तेव्हा शेक्सपिअरने नाटके बाजूस ठेवून काव्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला आणि थोड्याच वर्षांत नामांकित नाटकमंडळ्या बसल्या; 1935 मध्ये खुद्द बालगंधर्व ‘धर्मात्मा’च्या निमित्ताने पडद्यावर आले. परंतु बोलपटाने नाटकाचा प्रेक्षक आपल्या मोहिनीने ओढून नेला. या साथीने तो भीतीने घरी बसविला. मोहिनी उतरली म्हणजे प्रेक्षक परत येतो, आणि तसा तो आलाही. भीती उतरेपर्यंत मात्र कोणी जगावयाचे व कशावर, हा प्रश्न होता. शेक्सपिअरला निदान काव्य लिहिता येत होते. नाटकाचा पडदा ओढणाऱ्याने पडद्यावाचून काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर आम्हास अनायासे मिळाले. 5 नोव्हेंबर 2020 पासून नाट्यगृहे निम्म्या आसनांनिशी उघडण्यास परवानगी मिळाली, आणि पुढे प्रयोग सुरू होताच आम्ही उभयता गेलो. एक सोडून एक खुर्चीवर फुल्या मारलेल्या होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात प्रथमच आम्हा दोघांमध्ये एक रिकामी खुर्ची आली. हसू एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते, हे तेव्हा कळले; मध्ये फुली आली की ते तेथेच विझे.

मध्यंतरात बाहेर आलो तो जुन्या ओळखीचे एक रंगमंच कामगार भेटले. पन्नाशी उलटलेला माणूस. नेपथ्य लावण्यात हयात गेली. आम्ही सहज विचारले, "काय हो, इतके दिवस कसे काय काढलेत?"

"कसले काढतोय, साहेब," ते म्हणाले. "भाजीची गाडी लावली होती. परिषदेनं, नटमंडळींनी मदत केली, नाही असं नाही. पण आमचं असं आहे, प्रयोग झाला तर नाईट. प्रयोग नाही, तर नाईट नाही."

नाटकाच्या धंद्यात प्रत्येक प्रयोगाच्या मेहनतान्यास ‘नाईट’ म्हणतात. आम्ही हा शब्द पूर्वी शेकडो वेळा ऐकला होता. पण त्याची दुसरी बाजू त्या दिवशी कानावर आदळली. 15 मार्चचा प्रयोग झाला नाही, तेव्हा आमचे सहाशे रुपये आम्हास परत मिळाले. परंतु या माणसाची नाईट त्याला कोणी परत केली नाही. ज्या व्यवहारास आम्ही चोख समजत होतो, त्यात एक बाजू पूर्ण भरपाई घेऊन घरी ‘रामायण’ पाहत बसली होती, व दुसरी भाजीची गाडी ढकलीत होती. घरबसल्या करमणुकीसाठी पैसे भरताना आम्ही एकदाही कुरकुर केली नव्हती. आणि हे सहाशे रुपये तेथेच राहू द्यावेत, हा विचारदेखील आमच्या मनास शिवला नव्हता. आम्हास लाज वाटली. ती त्यांच्यापाशी बोलून दाखविण्याचे धैर्य मात्र झाले नाही. तिसरी घंटा झाली आणि आम्ही आत गेलो.

दुसरा पाडवा 13 एप्रिल 2021 रोजी आला. नाट्यगृहे आठवड्यापूर्वीच पुन्हा बंद झाली होती, आणि ऐन पाडव्याच्याच रात्री राज्यात नव्या कडक निर्बंधांची घोषणा झाली. मालिकावाल्यांनी आपले कॅमेरे उचलून बाहेरच्या राज्यांत नेले. काही गोव्यास गेले, आणि मे महिन्यात तेथेही चित्रीकरण थांबविण्यात आले तेव्हा त्यांनी आणखी दुसरी जागा शोधली. यंत्राचे हेच सुख असते. ते कोठेही नेऊन ठेवता येते. पण फडाने कोठे जावे? त्याचे भांडवल म्हणजे जमलेली गर्दी. आणि त्या वर्षी गर्दी हेच पाप ठरले होते. आमच्या स्नेह्यांनी सांगितले की फडमालकांनी कलावंतांना दिलेली उचल तशीच अंगावर आहे, तंबू गुंडाळून पडले आहेत, आणि कितीएक कलावंत शेतात रोजंदारीला जात आहेत. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस लांबला हे सांगावे तसे ते सांगत होते. मनोरंजनाच्या उद्योगाने साथीशी कसे जुळवून घेतले याची वर्णने त्या काळी आम्ही पुष्कळ वाचली. आमच्या मते ज्याच्या आणि प्रेक्षकाच्या मध्ये पडदा व भांडवल होते, त्याने जुळवून घेतले. ज्याच्या मध्ये काहीच नव्हते, त्याने केवळ सोसले.

22 ऑक्टोबर 2021 रोजी नाट्यगृहे पुन्हा उघडली. आणि 2022 साली, 2 एप्रिलच्या पाडव्याच्या तोंडावर, राज्यातील सारे निर्बंध उठले. हा तिसरा पाडवा. त्या वैशाखात आमच्या स्नेह्यांनी आग्रहाने बोलाविले म्हणून आम्ही त्यांच्याकडच्या एका जत्रेस गेलो. फडाची कनात लागली होती. आम्ही खुर्ची शोधू लागलो तेव्हा स्नेही म्हणाले, "इथं खुर्ची कसली शोधता? बसा असेच." तेव्हा आम्हीही मातीवर, अनोळखी गुडघ्यांना गुडघे लावून बसलो. गण झाला, गवळण झाली. ढोलकी कडाडली आणि सोंगाड्याच्या पहिल्याच कोटीला सारी कनात एकदम हसली. त्या हशात आमचा आवाज आम्हास ऐकू आला नाही, व तो ऐकू न आल्याचा केवढा आनंद झाला म्हणून सांगावे!

पुण्यास परतल्यावर आम्ही एक उशिराचे काम करावयास निघालो. सहाशे रुपये पाकिटात घालून नाट्यगृहावर गेलो व त्या रंगमंच कामगारांची चौकशी केली. आतल्या मुलाने सांगितले, "ते आता येत नाहीत, काका. एका सोसायटीवर पहारेकरी आहेत. तिथं महिन्याचा पगार ठरलेला असतो ना." त्यात वाईट वाटण्यासारखे काय होते? त्यांचे चांगलेच झाले होते. तरीही ते पाकीट हातात घेऊन आम्ही काही वेळ त्या पायऱ्यांवर उभे राहिलो. नंतर तिकीटखिडकीवर जाऊन येत्या रविवारची दोन तिकिटे काढली. त्याने त्या माणसाचे देणे फिटत नाही, हे आम्हास ठाऊक आहे. नाटकाच्या आत कोणी नवा मुलगा पडदा ओढीत असेल. निदान त्याची नाईट तरी बुडू नये.

15 मार्चची ती दोन तिकिटे आम्ही फेकलेली नाहीत. सौभाग्यवती कपाट आवरताना दर वर्षी विचारतात, "आता ही कशाला ठेवली आहेत?" आम्ही उत्तर देत नाही. ती तिकिटे आहेत असे त्यांना वाटते. आमच्या लेखी ती थकलेल्या देण्याची पावती आहे.