वाढदिवसाचे धोंडस

केक या पदार्थाचे आणि माझे कधी फारसे जमले नाही. आयुष्यात माझ्या हातून दोनच केक झाले, आणि दोन्ही एकाच मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी. पहिला १९५९ साली, ती बारा वर्षांची झाली तेव्हा. दुसरा २०२२ साली, तिला पंचाहत्तर पुरी झाली तेव्हा. मधली त्रेसष्ट वर्षे मी केकच्या वाटेला गेले नाही. त्याचे कारण त्या पहिल्या केकात आहे.

आमचे गाव अलिबाग. तेव्हा जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ साली आले. मैत्रीण इस्रायल आळीतली, बेने इस्रायल समाजाची. या मंडळींच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि त्यातले सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे त्यांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आडनावे आपल्यासारखीच गावांवरून पडलेली: नवगावकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर. भाषाही आपलीच. शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू, आणि पाढे म्हणताना ती माझ्याइतकीच चुकत असे.

त्या वर्षी मुंबईहून आलेल्या माझ्या वहिनीने केक करायला शिकवले. घरात ओव्हन कुठला! शेगडीवर मोठे पातेले, त्यात समुद्रावरची वाळू, वाळूवर केकचा डबा, आणि वर झाकण. अंडे आमच्या घरात येत नसे. त्याऐवजी दही आणि सोडा घातला. लोणी मात्र घरचे आणि सढळ हाताने. केक कडेने थोडा करपला, पण फुगला. तो फडक्यात गुंडाळून मी दुपारी धावतच इस्रायल आळीत गेले.

त्यांची जेवणे नुकतीच झाली होती. मी डबा पुढे केला. मैत्रिणीने वास घेतला, तिचे डोळे चमकले, आणि मग तिने आईकडे पाहून हात मागे घेतला. "उद्या खाईन हं," ती म्हणाली. तिच्या आईनेही डबा दोन्ही हातांनी घेऊन कपाटात ठेवून दिला.

बारा वर्षांच्या मुलीला अपमान वाटायला एवढे पुरे होते. "आमच्या घरचं चालत नाही वाटतं तुम्हांला!" असे मी दारातून बोलले आणि निघून आले.

त्या वाक्याचे खरे उत्तर तिच्यापाशी तयार होते. "तू आमच्या घरी कधी पाणी तरी प्यायलीस का?" एवढे ती म्हणाली असती तर मला तोंड लपवायला जागा उरली नसती. दर वर्षी तिची आई मला काहीबाही खायला देऊ करी, आणि घरी सांगितल्याप्रमाणे मी "पोट भरलंय" म्हणे. हे मी वर्षानुवर्षे केले, आणि त्यात कुणाचा अपमान होतो असे माझ्या मनातही आले नाही. ती मात्र एकदा 'उद्या' म्हणाली, तर मी रुसले. पुढे बोलणे सुरू झाले, पण केकचा विषय दोघींनीही काढला नाही. १९६३ साली ती आईवडिलांबरोबर इस्रायलला गेली.

मागाहून वाचनात आले तेव्हा उलगडा झाला. बायबलच्या 'निर्गम' ग्रंथात करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवण्याची मनाई आहे. त्यावरून त्यांच्यात मांस आणि दूधदुभते एकत्र खात नाहीत. मांसाच्या जेवणावर काही तास तूप, लोणी, दही वर्ज्य. त्या दिवशी त्यांच्याकडे वाढदिवसाचे मटण होते. आणि माझा केक म्हणजे दही आणि लोण्याचा गोळा!

२०२२ च्या कार्तिकात ती नातवंडांसह अलिबागेला आली, आणि वाढदिवसाच्या दिवशी मला जेवायला बोलावणे आले. मी ठरवले, या खेपेस असा केक करायचा की तो उद्यावर पडणार नाही. बेकरीत विचारले, पण लोणी नाही तर दुधाची पावडर असायचीच. मग आईचे धोंडस आठवले. कोकणातला केक तो हाच, आणि त्याला दूध लागते ते नारळाचे. बेने इस्रायल सुगरणींनी तरी दुसरे काय केले? गाईच्या दुधाची अडचण त्यांनी आपल्या वाडीतल्या नारळावर भागवली. त्यांचा गव्हाच्या चिकाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधातला.

माळ्याला टांगलेली जून काकडी उतरवली. बिया काढून ती किसली. कीस पिळला नाही, कारण त्या पाण्यातच रवा शिजतो. दोन वाट्या कीस, दीड वाटी गूळ, एका नारळाचे दाट दूध, चिमूटभर मीठ, वेलची. आई दोन वाट्या रवा तुपावर भाजी. मी कोरडाच भाजला. हे सारे शिजवून घट्ट केले. घरच्या प्रत्येक भांड्याला दूधतूप लागलेले, म्हणून बाजारातून नवे पातेले आणले. त्यात हळदीची पाने अंथरली, मिश्रण ओतले, खाली मंद आच आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे ठेवले. तासाभराने हळदीच्या पानांचा वास ओटीपर्यंत आला. काडी टोचून पाहिली, ती कोरडी निघाली.

इस्रायल आळीत पोचले तेव्हा मलिदा चालला होता. शुभप्रसंगी प्रेषित एलियाहूचे स्मरण करून पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा हा प्रसाद वाटतात. तो मी हात पुढे करून घेतला. तिने माझ्याकडे नुसते पाहिले.

जेवणात मटण होतेच. त्याच्या शेजारी वेगळ्या पातेल्यात वालाचे बिरडे. पातेल्यावरची दुकानाची चिठ्ठी अजून निघाली नव्हती. "तुझ्यासाठी," ती म्हणाली, "त्यात मटणाचा डाव गेलेला नाही." मग मी माझे धोंडस पुढे ठेवले आणि सांगितले, "लोणी नाही, तूप नाही, दूध नारळाचं. पातेलंही नवं." तिने आजच खाल्ले, आणि दुसरा तुकडा मागून घेतला. त्या घरात मी त्या दिवशी प्रथमच पोटभर जेवले.

निघताना मी धीर करून विचारले, "तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल. आणि तू गेलीस किती रागानं! पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून तो खाल्ला," ती हसून म्हणाली. "छान झाला होता गं. कडेला जरा करपला होता, एवढंच."

करपल्याचे मी तिला कधी सांगितले नव्हते.