वेळ पदार्थाचा आणि वेळ आपला

स्वयंपाकाला किती वेळ लागतो, हा प्रश्न आपण सहसा अर्धाच विचारतो. पदार्थाला लागणारा वेळ वेगळा आणि आपल्याला त्याच्यापाशी उभं राहावं लागतं तो वेळ वेगळा. काळे वाटाणे मंद आचेवर सात-आठ तास घेतात, पण त्यात माझी वीसेक मिनिटंच जातात. बेसनाचे लाडू तासाभरात वळून होतात, पण त्यातला अर्धा तास कढईसमोरून हलता येत नाही. घरातली दोन्ही मोठी माणसं सकाळी आठची लोकल पकडत असतील, तर कुठला पदार्थ आपला वेळ मागतो आणि कुठला स्वतःचाच वेळ घेतो, हे ओळखता आलं पाहिजे. मी ठाण्याच्या आमच्या घरातला स्वयंपाक या एकाच हिशेबावर आखते. कामाच्या दिवसांत स्वतःच्या वेळात शिजणारे पदार्थ, आणि सुट्टीच्या दिवशी माझा वेळ मागणारे. रात्रीचं जेवण आणि डब्यातलं गोड, दोन्ही या विभागणीत बसतं.

यात मोठा आधार स्लो कुकरचा. चिनीमातीचं जाड, जड भांडं, त्याला बाहेरून धातूचं कवच, कवचात कडेनं फिरवलेली विजेची तार आणि वर काचेचं झाकण, एवढंच हे यंत्र. आमचा २५० वॅटच्या आतला आहे, म्हणजे आठ तास चालला तरी दोन युनिटांच्या आत वीज. बटणावर मंद आणि जलद असे दोन टप्पे असतात, पण दोन्हींत भांडं शेवटी उकळीच्या जरा खालच्या तापमानालाच पोचतं. फरक असतो तो तिथवर पोचायला किती तास लागतात याचा. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडून तापमान १२० अंशांपर्यंत चढतं आणि डाळ-भात अर्ध्या तासात होतो. त्याचं ते काम दुसरं कुणी करू शकत नाही, आणि आमच्याकडेही भात त्याच्यातच लागतो. पण तो शिट्ट्या मोजायला माणूस मागतो. स्लो कुकरला कुणी लागत नाही.

हे यंत्र मुळात कडधान्यासाठीच निघालं, हे मला फार आवडतं. अमेरिकेतल्या आयर्विंग नॅक्सन यांच्या आईनं त्यांना लिथुआनियातल्या व्हिल्नाची आठवण सांगितली होती. तिथल्या ज्यू घरांत शब्बाथला चूल पेटवत नसत. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी घेवडे, मांस आणि भाज्या एका मडक्यात भरून ते मडकं भट्टीवाल्याकडे पोचतं करायचं. विझत जाणाऱ्या भट्टीच्या धगीवर ते रात्रभर शिजे. चोलंत हे त्या पदार्थाचं नाव. नॅक्सन यांनी तीच धग विजेवर आणली आणि १९४० साली त्यांना पेटंट मिळालं. त्यांच्या भांड्याचं नाव होतं ‘नॅक्सन बीनरी’. १९७० मध्ये त्यांचा व्यवसाय रायव्हल कंपनीनं घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ म्हणून नव्यानं बाजारात आणलं. नोकरी करणाऱ्या अमेरिकन बायकांनी ते उचलून धरलं.

आपल्याकडेही अशी खटपट झालेली आहे, तीही याच्या आधी. बंगालमधल्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास इकमिक कुकर काढला. उंच डब्यात एकावर एक भांडी, तळाशी थोडे कोळसे. भात, डाळ, भाजी एकाच वेळी लावून माणूस कामाला निघून जाई. आणि त्याही आधी आपल्या चुलीला वैल होताच. पुढच्या तोंडावर भाकरी होत असताना मागच्या वैलावर आमटी नाहीतर दूध निवांत असायचं. त्यासाठी वेगळं सरपण लागत नव्हतं आणि वेगळं लक्षही द्यावं लागत नव्हतं. गॅसची शेगडी आली, भर आच हाताशी आली आणि वैलाची जागा गेली. स्लो कुकरनं ती जागा भरून काढली, असं मी मानते.

माझ्या सासूबाई सिंधुदुर्गातल्या, म्हणून आमच्याकडे आठवड्यातून एकदा काळ्या वाटाण्याचं सांबारं ठरलेलं. काळा वाटाणा हट्टी धान्य आहे. दोन वाट्या वाटाणे रात्री भरपूर पाण्यात भिजत घालायचे. सकाळी ते पाणी टाकून द्यायचं, ताज्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळायचे आणि मग हळद, मीठ घालून भांड्यात ओतायचे. पाणी वाटाण्यांच्या वर बोटभर, जास्त नाही, कारण झाकणाखालून वाफ जवळपास जात नाही. गॅसवरच्या अंदाजानं पाणी घातलं तर संध्याकाळी सांबाऱ्याऐवजी कढण मिळतं. बटण मंदवर आणि आपण आपल्या वाटेला.

संध्याकाळी जो आधी घरी येतो त्यानं एक वाटाणा काढून पाहायचा. सासूबाईंची सूचना आतल्या खोलीतून येतेच, “वाटाणो बोटान दाबून बघ गो!” साल जागेवर, पण आत दाबताच पिठासारखा मऊ, असा तो लागला की शिजलं. प्रेशर कुकरमध्ये शिट्टी जास्त झाली की निम्म्या वाटाण्यांची सालं वेगळी तरंगतात. इथे दाणा अख्खा राहतो आणि रस्सा तरीही दाट होतो, कारण आठ तासांत पिष्ट सावकाश पाण्यात उतरलेलं असतं. मग वाटप घालायचं. कांदा, सुकं खोबरं, धणे, मिरी, लवंगा आणि बेडगी मिरच्या भाजून, वाटून मी सुट्टीच्या दिवशी करून ठेवते आणि डब्या भरून फ्रीझरमध्ये ठेवते. वाटप घातल्यावर वीस मिनिटं जलदवर, आणि अगदी शेवटी तीन-चार आमसुलं.

आमसुलं शेवटीच, यात मी कधी सूट देत नाही. चिंच, टोमॅटो, आमसूल असं आंबट आधी पडलं तर कडधान्याची साल आणि आतला भाग मऊ व्हायला तयारच होत नाही. गुळाचंही तसंच. मंद आचेत हे अधिकच जाणवतं, कारण तिथे जोर करायला तापमान नाही. मिठाची मात्र भीती बाळगू नये. मीठ आधी घातलं तर चव दाण्याच्या आत जाते.

स्लो कुकर एक गोष्ट कधीच देऊ शकत नाही, ती म्हणजे खमंगपणा. कांदा लालसर होणं, खोबरं भाजलं जाणं, मोहरी तडतडणं या सगळ्याला कोरडी आणि शंभर अंशांच्या बरीच वरची आच लागते. पाण्यात शिजणाऱ्या पदार्थाचं तापमान तिथवर जाऊच शकत नाही. म्हणून या भांड्यात सगळं एकदम टाकून चालू केलेली आमटी पोट भरते, पण जिभेला उकडल्यासारखी लागते. परदेशी कृती जशाच्या तशा करणारे अनेक जण इथेच निराश होतात. आपल्या हातात यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय आहे, भाजलेलं वाटप आणि वरून फोडणी. दिवसभर शिजलेल्या मसुरीवर तुपात लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी चर्रकन पडली की दोन मिनिटांत घरभर जेवण झाल्याची वर्दी जाते. शिजवणं भांड्याकडे सोपवावं, फोडणी आपल्याकडे ठेवावी.

मटणाला हे भांडं मानवतं. नळी, खांदा असे चिवट तुकडे घ्यावेत. त्यांतले धागे सत्तर अंशांच्या पुढे तासन्‌तास राहिले की विरघळतात आणि रश्श्याला अंगचा दाटपणा देतात. बटाटे तळाशी घालावेत, कारण कंद मांसापेक्षा उशिरा शिजतात. नारळाचं दूध आणि दही शेवटच्या अर्ध्या तासात. मासे, पालेभाज्या आणि भरली वांगी यांना मात्र तिथे नेऊ नये. वांगी कढईत, झाकणावर पाणी ठेवून, डोळ्यांसमोरच व्हावीत.

काही नियम चवीचे नाहीत, प्रकृतीचे आहेत, आणि ते प्रत्येक घरानं पाळावेत. राजमा कच्चा कधीही स्लो कुकरमध्ये घालू नये. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते खळखळत्या उकळीनं नष्ट होतं, मंद आचेत तसंच राहतं आणि पोटाला जबर त्रास देतं. राजमा आमच्याकडे प्रेशर कुकरमध्येच होतो. फ्रीझरमधलं गोठलेलं मटण थेट घालू नये, कारण ते कोमट अवस्थेत फार वेळ राहतं. भांडं अर्ध्याहून कमी भरू नये आणि दोन तृतीयांशाच्या फार वर नेऊ नये. झाकण सारखं उघडू नये, एकदा उघडलं की गेलेली ऊब परत यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. आणि आपण बाहेर असताना वीज गेली होती, पण किती वेळ ते घरात कुणालाच ठाऊक नाही, असं झालं तर ते अन्न टाकून द्यावं. अन्न टाकणं जिवावर येतं, मला तर फारच. तरी टाकावं.

आता गोडाकडे. इथेही तीच विभागणी. कोल्हापूर-सांगलीकडची गव्हाची खीर सगळा वेळ स्वतःचा घेते. सडलेला खपली गहू एक वाटी, रात्रभर भिजवून मिक्सरला एकच झटका द्यायचा, म्हणजे दाणा मोडेल पण पीठ होणार नाही. चार वाट्या पाणी आणि चिमूट मीठ घालून सहा-सात तास मंदवर. गहू फुलून एकजीव झाल्यावर सव्वा वाटी गूळ, ओलं खोबरं, भाजलेली खसखस, वेलची आणि जायफळ. गूळ आधी पडला तर गहू कचकचीत राहतो, म्हणजे आमसुलाचाच नियम इथेही. दूध भांड्यात घालायचं नाही, गुळानं ते नासण्याची भीती असते. वाटीत खीर, वर दूध आणि तुपाची धार, असं ज्याचं त्यानं घ्यावं. श्रीखंडालाही आपला वेळ जवळपास लागतच नाही. रात्री दही फडक्यात बांधून टांगलं की सकाळी चक्का तयार, मग साखर घालून पुरणयंत्रातून काढण्याचीच मेहनत.

बेसनाचा लाडू याच्या अगदी उलट, तो माणूस मागतो. चार वाट्या रवाळ बेसन, सव्वा ते दीड वाटी तूप, जाड बुडाची कढई आणि बारीक आच. सुरुवातीला बेसन उलथन्याला जड लागतं, हात भरून येतो. मग हळूहळू ते तूप सोडायला लागतं आणि एका क्षणी उलथनं हलकं फिरतं. कच्चा वास जाऊन खमंग वास येतो, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. रंग बदामी व्हायला हवा आणि कडेनं तूप चमकायला हवं. आच बंद करून दुधाचा हबका मारायचा. बेसन फसफसून वर येतं आणि दाणेदार होतं. पिठीसाखर अडीच-तीन वाट्या, पण बेसन अगदी कोमट झाल्यावरच. गरमात साखर विरघळते आणि लाडू बसतो. हा अर्धा तास मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून देते. नाक, कान आणि मनगट यांनीच कळणारी गोष्ट आहे ती, आणि मला तो अर्धा तास आठवड्यातला सगळ्यात माझा वाटतो.

मुलांच्या हाती देण्यासारखा शेंगदाण्याचा लाडू. दोन वाट्या भाजून सोललेले दाणे, एक वाटी किसलेला चिकीचा नसलेला, साधा मऊ गूळ, वेलची. मिक्सरमधून थांबत थांबत फिरवलं की दाण्याचं तेल सुटतं आणि लाडू आपोआप वळतात. पाक नाही, तूप नाही, आचही नाही. कमलाबाई ओगले यांच्या १९७० च्या ‘रुचिरा’नं वाटी-चमच्याचं माप घरोघरी पोचवलं. त्या मापाचं मोल मुलं स्वयंपाकाला लागतात तेव्हा नीट कळतं. ‘अंदाजानं घाल’ हे नऊ वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही. ‘दोन वाट्या आणि एक वाटी’ हे सांगता येतं.

माझं म्हणणं इथेच येऊन ठेपतं. घाईचा स्वयंपाक एका माणसाला धरून ठेवतो. संध्याकाळी सात ते साडेआठ जो ओट्याशी उभा, त्याच्याच अंगावर सगळं, आणि बहुतेक घरांत ती घरातली बाईच असते. मंद आचेचा स्वयंपाक तुकड्यातुकड्यांत होतो, म्हणून तो वाटून घेता येतो. आमच्याकडे रात्री वाटाणे भिजत घालतात सासूबाई. सकाळी उकळून भांडं चालू करतो नवरा, कारण तो सगळ्यात शेवटी घर सोडतो. वाटप आणि फोडणी माझ्याकडे. ताटं-पाणी लेकीकडे, डब्यातला लाडू लेकाकडे. यातलं कुठलंच काम वीस मिनिटांच्या वर जात नाही आणि कुठलंच ‘मदत’ म्हणून होत नाही. ज्याचं त्याचं ते काम आहे.

त्यासाठी महागडं भांडं हवंच असं नाही. उकळलेलं पातेलं घट्ट झाकून जुन्या रजईत गुंडाळलं तरी भिजवलेली मूग-मसूर बऱ्यापैकी शिजते. खायच्या आधी तेवढी पुन्हा खळखळून उकळून घ्यावी. हवी आहे ती आदल्या रात्रीची आठवण आणि कामाची वाटणी. तेव्हा आज झोपण्यापूर्वी एखादं कडधान्य भिजत घाला, आणि उद्या सकाळी ते शिजायला लावायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणावर तरी सोपवा.