नाव जुळत नाही

"नाव जुळत नाही." पडताळणीच्या टेबलावर हे तीन शब्द ऐकले त्याला आता चार वर्षं झाली. अजूनही कधी रात्री आठवतात आणि मग झोप लागत नाही.

मी कोल्हापूरचा. लहानपणी तालमीत, मग पेठेच्या संघातून फुटबॉल, आणि कॉलेजात एका मित्रानं अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात दिला तेव्हापासून रग्बी. राज्याच्या संघातून खेळलो. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचा सेव्हन्सचा संघ उतरला, त्यात मी नव्हतो. दिल्ली विद्यापीठाच्या मैदानावर प्रेक्षकांत बसून घसा बसेपर्यंत ओरडलो. दोन वर्षांनी गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि मी मुलींना शिकवायला लागलो.

सेव्हन्स म्हणजे एका बाजूला सात जणी, सात-सात मिनिटांचे दोन हाफ. मैदान मात्र पंधरा जणांच्या रग्बीएवढंच. एक टॅकल चुकला की मागं अडवायला कुणी नसतं. टॅकल शिकवताना मला तालीम कामाला आली. "पट काढ, पण डोकं बाजूला ठेव" एवढं म्हटलं की आमच्याकडच्या पोरीला कळतं. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना एक गोष्ट बजावायचो: सर्टिफिकेटसाठी खेळायचं असेल तर दुसरा खेळ बघा. हे मी वर्षानुवर्षं अभिमानानं सांगितलं.

आमची विंगर टेम्पोचालकाची मुलगी. पहाटे साडेपाचला सरावाला, मग कॉलेज, संध्याकाळी एका दुकानात काम. राष्ट्रीय स्पर्धेत आमच्या संघाला सुवर्णपदक मिळालं. पुढं पोलिस भरती निघाली. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी आधी प्रमाणपत्राची पडताळणी लागते. मी तिच्यासोबत गेलो.

टेबलामागचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. त्यांच्या कागदावर 'रग्बी फुटबॉल' होतं आणि आमच्या प्रमाणपत्रावर 'रग्बी सेव्हन्स'. मी समजावायला लागलो. स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावात 1883 मध्ये याच रग्बीतून हा प्रकार निघाला, 2016 पासून ऑलिंपिकमध्ये रग्बी म्हणून हाच खेळतात, देशातल्या संघटनेचं नावच इंडियन रग्बी फुटबॉल युनियन आहे आणि शिक्काही तिचाच आहे. शिक्क्यावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, मला पटतंय. पण नाव जुळत नाही."

बाहेर आल्यावर पोरगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, मग मेडल बी परत द्यायला लागतंय का?"

मला उत्तर देता आलं नाही. अंतिम सामन्यात स्वतःच्या बावीस मीटरच्या रेषेपासून पळत जाऊन, चेंडू पलीकडच्या गोलरेषेपार टेकवून तिनं ट्राय केला होता. मागं दोघी लागल्या होत्या, त्यातल्या एकीनं तिची जर्सी धरली होती, तरी ती थांबली नाही. आणि एका शब्दासाठी तिला वाटलं, की आपण जिंकलो तेच खरं नव्हतं.

त्यानंतरचे 41 दिवस मी दुसरं काही केलं नाही. सात खेपा घातल्या. आयोजकांकडे गेलो तर सही करणारे परराज्यात स्पर्धेला गेलेले. ते परतले तर लेटरहेड दुसऱ्याकडे. लेटरहेड मिळालं तर जावक क्रमांक नाही म्हणून पत्र परत आलं. जावक क्रमांक टाकून नेलं तर टेबलावरचे गृहस्थ रजेवर. सर्टिफिकेटसाठी खेळू नका म्हणणारा मी एका सर्टिफिकेटमागं एस.टी.नं फिरत होतो, आणि सराव तेवढे दिवस बंद होता. दुरुस्त प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा फॉर्मची मुदत संपून नऊ दिवस झाले होते. मुदतीत तिनं खुल्या गटातून अर्ज भरला होता. दोन गुणांनी राहिली.

नियम कडक का झाले ते मला माहीत आहे. ट्रॅम्पोलिनच्या खोट्या प्रमाणपत्रांवर लोकांनी सरकारी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं आपल्याच राज्यात निघाली. माझ्या मुलींची जागा असल्या माणसानं घेतली असती तर 'नीट तपासलं का नाही' म्हणून मीच आधी भांडलो असतो. त्या गृहस्थांचं चुकलं असं मी कुठं बोलत नाही. पण मनातून माफही करू शकलेलो नाही. खेळ तोच आहे हे ज्याला पटलं, त्यानं वरच्या साहेबांना एक टिपण लिहायला काय हरकत होती?

'सर्टिफिकेटसाठी खेळू नका' हे वाक्य मी सोडून दिलं. खेळावं, जरूर खेळावं. टेम्पोवाल्याच्या घरात पगार येणार असेल तर त्यात कमीपणा कसला?

खेळ कुठलाही असो, प्रशिक्षकांना आणि पालकांना एक विनंती आहे. बक्षीस समारंभ संपला की फोटो नंतर काढा, आधी प्रमाणपत्र वाचा. मुलीचं नाव, जन्मतारीख, खेळाचं नाव आणि शिक्का बघा. चूक दिसली तर तिथल्या तिथं टेबलावर परत द्या आणि दुरुस्त करून घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. आयोजक एकदा पांगले की सापडत नाहीत.