मुंब्रा ते म्हसळा : हिरव्या पाटीची गाडी

मे महिन्याच्या सुट्टीत म्हसळ्याला मामूंकडे जायचं ठरलं. भाचा आपली विजेवरची गाडी घेऊन मुंब्र्याला आमच्या दारात उभा राहिला. खरं सांगते, मला ती गाडी खुपत होती. इलेक्ट्रिक कार म्हणजे बंगलेवाल्यांची हौस, असाच माझा समज. घरात आपाचं डायलिसिस चालू असताना हा इसराफ कशाला, असं मी यांच्याजवळ बोलूनही गेले होते.

पनवेल, पेण मागे टाकून माणगावला चहाला थांबलो. चार्जिंगला आणखी दोन गाड्या होत्या. दोन्हींच्या हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. भाचा म्हणाला, "खाला, पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी. आपली पांढरी, म्हणजे खासगी." त्यातल्या एका चालकाला मी विचारलं, "परवडते का हो?" तो हसून म्हणाला, "मॅडम, रोज दोनशे किलोमीटर पळते म्हणून परवडते. दारात उभी ठेवली तर महागच."

मग भाच्याने हिशेब सांगितला. आठवड्यातून तीनदा आपाला मुंबईला न्यायचं-आणायचं. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. ही गाडी एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. जुनी गाडी विकून, थोडी बचत घालून त्याने ही वापरलेली गाडी रोखीने घेतली, कर्ज काढलं नाही. चार्जिंग शीळफाट्याला, तो काम करतो त्या गोदामात. शेठजी विजेचे पैसे मोजून घेतात. "आपल्या बिल्डिंगमध्ये असतो तर घेतलीच नसती. गल्लीत लावलेल्या गाडीला प्लग कुठून आणू?" मी गप्प झाले.

माणगावहून मोर्ब्याच्या रस्त्याने म्हसळ्याला पोहोचलो. असरनंतर मामूंच्या ओटीवर शेजारीपाजारी जमले. पावसात शॉक बसतो का? बॅटरी गेली की भंगार का? भाच्याने सांगितलं, नव्या गाडीच्या बॅटरीला कंपन्या बहुधा आठ वर्षांची वॉरंटी देतात. मामू म्हणाले, "ते ठीक, पण आमच्याकडे लाइटच जाते, त्याचं काय?"

आणि तसंच झालं. पंधरा अँपिअरच्या पॉइंटला गाडी लावून झोपलो. रात्री लाइट गेली. दुसऱ्या दिवशी आपाचं डायलिसिस. फजरला उठले तरी अंधारच. भाच्याने गाडीतला आकडा पाहिला. माणगावपर्यंत सहज पुरणार होती. तिथे अर्धा-पाऊण तास थांबून पुढे निघालो. आपा वेळेत पोहोचली, अल्हमदुलिल्लाह.

विजेची गाडी श्रीमंताचीच, हे अर्धंच खरं आहे. जिचं धावणं रोजचं आणि जिला हक्काचा प्लग आहे, तिचाच हिशेब जमतो. केंद्र सरकारच्या सूचनांनुसार घरच्या चालू वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. पण आमच्यासारख्यांना आधी गाडी लावायला जागा हवी. बिल्डिंगच्या पुढच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे, इन्शाअल्लाह.

घरी आल्यावर भाच्याला म्हटलं, "बेटा, तुझ्याबद्दल मी बदगुमानी केली. माफ कर." तो म्हणाला, "खाला, आधी चहा ठेवा."