घात

'घात' हा शब्द मी दोनदा शिकलो. एकदा घरी आणि एकदा शाळेत. त्या दोन घातांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे मात्र वयाची पंचेचाळीस वर्षे उलटेपर्यंत माझ्या मनातही आले नव्हते.

घरी हा शब्द आजोबांच्या संदर्भात येई. शहाद्याकडे, तापीच्या काठी, आजोबांची सात एकर काळी जमीन होती. ती गेली. कशी गेली, असे विचारले की अण्णा, म्हणजे माझे वडील, एवढेच म्हणत, "घोडीनं घात केला." सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, हे आम्हां नंदुरबारकडच्या माणसांना सांगायला नको, पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. आजोबांनी कर्ज काढून त्या बाजारातून एक पांढरी घोडी आणली, आणि घोडीपायी जमीन सावकाराच्या घरी गेली, असा आमच्या घराण्याचा इतिहास. अण्णा जमीन गेल्यावर जन्मले. मिरचीच्या एका पेढीवर दुसऱ्यांच्या वह्या लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. बापाला मात्र त्यांनी शेवटपर्यंत क्षमा केली नाही. आमच्या भिंतीवर साऱ्या देवांच्या तसबिरी होत्या. आजोबांचा फोटो नव्हता.

शाळेतला घात आठवीत भेटला. दोनाला दोनाने तीनदा मांडून गुणले की आठ. म्हणून दोनाचा तिसरा घात आठ. इथवर सारे ठीक होते. पण घातांक शून्य असला की उत्तर एक, असे सरांनी फळ्यावर लिहिले तेव्हा मी हात वर केला. "सर, एकदाही मांडलाच नाही, तर शून्य का नाही?" सरांनी छडी टेबलावर आपटली. "एक म्हणजे एक! पाठ कर." मी पाठ केले. पण त्या दिवशी गणिताची आणि माझी जी फारकत झाली ती झाली. पुढे मी मराठी घेऊन एम. ए. झालो, आणि आपला ओढा मूळचाच साहित्याकडे होता, असे लोकांना सांगू लागलो.

यंदा माझी मुलगी आठवीत गेली. दिवाळीच्या सुटीत ती 'घातांक व घनमूळ' हा धडा घेऊन माझ्यापुढे येऊन बसली आणि तिने नेमका तोच प्रश्न विचारला. "बाबा, घातांक शून्य असला की एक का?"

'पाठ कर' हे शब्द अगदी माझ्या ओठांवर आले होते. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मला तीस वर्षांपूर्वीचा तो वर करून खाली घेतलेला हात आठवला. मी म्हटले, "मलाही ठाऊक नाही. बस, दोघे मिळून बघू."

आम्ही दोनाचे घात एकाखाली एक लिहिले. चौथा सोळा, तिसरा आठ, दुसरा चार, पहिला दोन. मुलगीच म्हणाली, "बाबा, प्रत्येक पायरी उतरताना निम्मं होतंय!" मग दोनाच्या खालची पायरी कोणती? एक! आणि त्याखालची अर्धा, मग पाव. घातांक शून्याच्या खाली उतरला तरी शिडी तुटत नाही. घातांची बेरीज केली की संख्यांचा गुणाकार होतो, एवढा एक शब्द गणिताने आरंभी दिलेला असतो. तो शब्द मोडायचा नाही म्हणून शून्य घातांकाला एक म्हणावे लागते. नियम हा हुकूम नसून पाळलेले वचन आहे, हे मला कुणी आठवीतच सांगितले असते तर! आम्ही व्याकरणवाले तरी दुसरे काय करतो? प्रथमेला प्रत्यय नसतो, म्हणून कुणी 'ही विभक्तीच नाही' असे म्हणते काय?

मग अर्धा घात आला. नवाच्या अर्ध्या घाताला त्याच अर्ध्या घाताने गुणले, तर घातांकांची बेरीज एक, म्हणजे उत्तर नऊ. मग तो अर्धा घात तीनच असला पाहिजे. म्हणजे तेच ते वर्गमूळ! घात वर चढवतो, मूळ खाली उतरवते. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही, आणि तिचे कारण फराळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी आईने माळ्यावरची पत्र्याची पेटी साफसफाईसाठी खाली काढायला लावली. अण्णांनी ती हयातीत कधी उघडली नव्हती. आत आजोबांचे कागद होते. पहिले खत १९३१ च्या दिवाळीचे, दोनशे रुपयांचे. व्याजाचा दर जिथे असायचा तिथेच कागद घडीवर फाटला होता. पाठीमागे 'खत नवे केले' अशा नऊ नोंदी, दर दिवाळीची एक, आणि प्रत्येकीखाली निळसर अंगठा. शेवटी १९४१ च्या दिवाळीचे खरेदीखत. जमिनीची किंमत कर्जात वळती: रुपये १७१९. मधे काही फेडल्याची नोंद कुठेच नव्हती.

"दोनशेचे सतराशे एकोणीस?" मुलगी म्हणाली. "बाबा, दर काय असेल?"

माझ्या ध्यानात आले, की हा मुळाचाच प्रश्न आहे. दहा वर्षांत रक्कम सुमारे ८.५९५ पट झाली. कोणत्या संख्येचा दहावा घात ८.५९५? म्हणजे दहावे मूळ काढायचे! वर्गमूळ निघेल, घनमूळ निघेल. दहावे मूळ कागदावर काढणार कसे? मोबाइलने ते क्षणात सांगितले असते. पण इतकी वर्षे पळालेल्या माणसाला आता दुसऱ्याच्या खांद्यावरून बघायचे नव्हते. मी आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी हसत लॉगटेबल काढून दिले. बारावी विज्ञानाच्या मुलांना परीक्षेत गणकयंत्र चालत नाही. हे कोष्टक मात्र चालते.

लॉग म्हणजे काय, तर दहाचा कितवा घात केला की ती संख्या येते, ते सांगणारा आकडा. शंभराचा लॉग दोन, हजाराचा तीन. आणि शंभर गुणिले हजार म्हणजे लाख, त्याचा पाच. गुणाकाराच्या जागी बेरीज, भागाकाराच्या जागी वजाबाकी, आणि दहाव्या मुळाच्या जागी नुसते दहाने भागणे! जॉन नेपिअर नावाच्या स्कॉटिश जमीनदाराने ही युक्ती १६१४ साली जगापुढे मांडली. पुढच्याच वर्षी हेन्री ब्रिग्ज लंडनहून त्याला भेटायला एडिंबरोला गेला, तेव्हा दोघे पाव तास नुसते एकमेकांकडे बघत राहिले, असे सांगतात. त्या दिवशी टेबल उघडल्यावर माझीही तशीच अवस्था झाली.

८.५९५ चा लॉग ०.९३४ च्या आसपास. दहाने भागून ०.०९३४. हा लॉग कोणाचा? १.२४ चा! वर्षाला शेकडा चोवीस. म्हणजे दरमहा शेकडा दोन. हा दर आमच्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतो.

पडताळा आम्ही भास्कराचार्यांच्या रीतीने केला. त्यांचे नाते आमच्या खानदेशाशीही आहे: चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे, त्यात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचे कोरलेले आहे. 'लीलावती'त एक उदाहरण आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे वचन दिले. महिन्यात किती दिल्या? उत्तर २१४ कोटींहून अधिक कवड्या! त्यासाठी दोनाचा तिसावा घात हवा. तीसदा गुणत बसू नका, असे आचार्य सांगतात. संख्या सम असेल तर निम्मी करून 'वर्ग' लिहा, विषम असेल तर एक वजा करून 'गुण' लिहा, आणि शेवटाकडून उलटे या. दहासाठी पाचच पावले: गुण, वर्ग, वर्ग, गुण, वर्ग. १.२४, १.५३७६, २.३६४२, २.९३१६, ८.५९४४. दोनशेने गुणून १७१८ रुपये १४ आणे. उरलेले दोन आणे सावकाराने रक्कम पूर्ण करण्यासाठी घेतले असावेत.

मुलीने दुसऱ्या कागदावर साधे व्याज मांडले. वर्षाला अठ्ठेचाळीस, दहा वर्षांचे चारशे ऐंशी, एकूण ६८०. खरे तर मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोला 'दामदुपटी'चे संरक्षण होते. व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नसे. त्या हिशेबाने चारशेवर गाडी थांबायला हवी होती. पण खत नवे केले की थकलेले व्याजच मुद्दल होऊन बसते, आणि दामदुपटीचा नियम पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो. त्या नऊ अंगठ्यांचा अर्थ एवढाच होता. आजोबा बेरजेत जगत होते आणि सावकार गुणाकारात.

मुलीने तीन आकडे एकाखाली एक लिहून आजीसमोर धरले: ४००, ६८०, १७१९. म्हणाली, "आजी, घोडीचा दोष दोनशे रुपयांपुरता. उरलेले पंधराशे एकोणीस दहाव्या घाताचे."

आईने कागद हातात घेतला. तिला आकडे तेवढे वाचता येतात. बराच वेळ ती त्या तीन ओळींवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मामंजींनी जमीन उडवली नव्हती?"

"नाही."

"तुझ्या अण्णांना हे कळायला हवं होतं रे. जन्मभर लोकांचं व्याज मांडत बसले. घरची पेटी तेवढी उघडली नाही."

पेटीच्या तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो निघाला. फेटा बांधलेला एक तरुण, आणि त्याच्या शेजारी, अर्धी चौकटीबाहेर गेलेली, पांढरी घोडी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आईने तो पुसून पाटाशेजारी ठेवला. कुणी काही बोलले नाही.

मुलगी मात्र पूजा आटोपताच वही घेऊन पुन्हा माझ्याकडे आली. घनमूळ अजून राहिले होते.